गोल घुमट सिम्युलेटरमध्ये बांधताना

सोलापूरहून दक्षिणेला विमान वळवलं की शंभर किलोमीटरच्या आत विजापूर. संगणकावर विमान उडवायच्या सिम्युलेटरमध्ये मात्र तिथे पोचल्यावर गोल घुमटाच्या जागी सपाट छपराची एक ढब्बू इमारत होती. उपग्रहाच्या फोटोवरून घरं आपोआप उभी राहतात, त्यात घुमटाला कुठून जागा असणार? म्हटलं, आपणच बांधू.

मोजमापांची चिंता नव्हती. पुरातत्त्व खात्याच्या हेन्री कझिन्स यांनी विजापूरच्या इमारतींचे आराखडे १९१६ साली छापून ठेवलेत, ते ब्लेंडर या त्रिमितीय मॉडेल बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये पाठीमागे लावले आणि त्यावरून रेषा ओढल्या. मुहम्मद आदिलशहाची ही कबर म्हणजे साधारण ४७ मीटर बाजूचा चौकोनी ठोकळा, वर ४४ मीटर व्यासाचा घुमट, चार कोपऱ्यांना सातमजली अष्टकोनी मनोरे. ठोकळा आणि घुमट एका बैठकीत झाले. जीव खाल्ला तो मनोऱ्यांनी.

मनोऱ्यांच्या कमानी उघड्या आहेत, आरपार आकाश दिसतं. त्या नुसत्या काळ्या रंगवल्या की दुपारी खपून जातं. संध्याकाळी ऊन तिरपं झालं की सगळा मनोरा पुठ्ठ्याचा वाटतो. शेवटी एक मजला खऱ्या भोकांसकट बनवला आणि त्याच्याच प्रती एकावर एक चढवल्या. लांबून दिसणाऱ्या हलक्या मॉडेलमध्ये मात्र कमानी रंगवलेल्याच ठेवल्या, नाहीतर फ्रेम रेट, म्हणजे सेकंदाला दिसणाऱ्या चित्रांची संख्या, कोसळतो. आतल्या कुजबुज सज्जाला, म्हणजे हळू बोललेलंही पलीकडे ऐकू येतं त्या गॅलरीला, हातही लावला नाही. वैमानिक तिथे जाणार नाही.

मॉडेलवर चढवायच्या फोटोंसाठी मुद्दाम पावसाळी, ढगाळ दिवस निवडला. उन्हातल्या फोटोत सावली छापूनच येते. मग सिम्युलेटरचा सूर्य पश्चिमेला गेला तरी छज्जाखालची सावली सकाळचीच राहते. संरक्षित स्मारकावर परवानगीशिवाय ड्रोन चालत नाही. त्यामुळे मनोऱ्यातल्या जिन्याने गच्चीवर जाऊन घुमटाच्या बुडाशी असलेल्या पाकळ्या हातातल्या कॅमेऱ्यानेच टिपल्या. पाकळ्यांच्या खाचांत पावसाचे काळे ओघळ उतरलेले असतात. ते टेक्स्चरमध्ये, म्हणजे मॉडेलवर चढवलेल्या चित्रात, आल्यावर कुठे त्या पांढुरक्या गोळ्याला वय आलं.

बारा कमान सोपी वाटली होती. दुसऱ्या अली आदिलशहाची ही कबर अर्धवटच राहिलेली, छप्पर नाही, नुसत्या कमानी. पण त्या कमानींच्या मधोमध सिम्युलेटर हटकून घरं उगवायचा, म्हणून भोवती एक्सक्लूजन पॉलिगॉन, म्हणजे आपोआप घरं उभी राहू न देणारी सीमारेषा, टाकून ती हटवली.

तटबंदीचा घेर सुमारे दहा किलोमीटर. सगळी हुबेहूब करणं वेडेपणाच. भिंतीचे मोजके तुकडे आणि थोडे बुरूज बनवून तेच फिरवून फिरवून जोडले. सिम्युलेटरमधली जमीन तिथे खालीवर होते, त्यामुळे काही तुकडे हवेत तरंगायचे. प्रत्येक तुकड्याला जमिनीखाली चारपाच मीटर पाया वाढवून दिला तेव्हा फटी बुजल्या.

मुलुख-ए-मैदान तोफ विमानातून दिसत नाही, हे मला ठाऊक आहे. तरी बनवली. पंचावन्न टनांची ही तोफ अहमदनगरला ओतलेली; ती वगळून विजापूर पूर्ण झालं म्हणायला मन धजावेना. हेलिकॉप्टरवाल्यांनी बुरुजाजवळ सावकाश उतरावं, तोंडावरचा जबडा वासलेला सिंह नीट दिसेल.