एकादशी, गोळी आणि बाबांचा राग

आज उपास. बाबांनी शुगरची गोळी नेमाने घेतली, खिचडी मात्र "नंतर बघू" म्हणून झाकून ठेवली. अकराच्या सुमारास रिमोट सापडेना म्हणून घर डोक्यावर घेतलं. एरवी आवाज न चढवणारा माणूस! आई म्हणाली, "उपासाची चिडचिड आहे, सोड." पण कपाळावर घाम डवरलेला, आणि हात इतका थरथरत होता की चष्म्याची काडी कानामागे बसवता येईना. ग्लुकोमीटर लावला: ५८. ७० च्या खाली गेली की शुगर कमी धरतात.

मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम २ टक्के, पण त्याला लागते जवळपास २० टक्के ऊर्जा, तीही मुख्यतः ग्लुकोजमधून. पुरवठा आटला की स्वभाव बिनसतो, सुचेनासं होतं. घाम आणि थरथर ही ॲड्रेनलिनची, म्हणजे शुगर घसरली की शरीर सोडतं त्या हार्मोनची करामत.

तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून दिली (बिस्किटांनी उशीर लागतो). पंधरा मिनिटांनी ९२. मग खिचडी, सोबत दही-काकडी. नुसता साबुदाणा म्हणजे निव्वळ स्टार्च, शुगर सुसाट वर.

आता म्हणतात, "मी कुठे ओरडलो?" संध्याकाळी डॉक्टरांना फोन केला. उपासाच्या दिवशी गोळीचं काय करायचं, ते लिहून फ्रिजवर चिकटवलंय.