फोड, सुई आणि आमचे सर्व्हरवाले काका

ऑफिसात त्यांना सगळे सर्व्हरवाले काका म्हणतात आणि खरं सांगायचं तर सात वर्षांत घरून ऑफिसच्या नेटवर्कला जोडणारं व्हीपीएन चालत नाहीये, डिस्क फुल झालीये, पासवर्ड रिसेट करा, याच्यापलीकडे मी त्यांच्याशी काही बोललेच नव्हते. दरवर्षी दिवाळीत ऑन-कॉल, म्हणजे सुट्टीतही फोन आला की काम बघायची ड्युटी, स्वतःहून मागून घेतात, आम्हाला वाटायचं बिचाऱ्यांच्या घरी कोणी नसेल. घर भरलेलं आहे हो. दिवाळीच्या बदल्यात आषाढी वारीला सुट्टी, एवढाच हिशोब. यंदा त्यांच्या दिंडीत मीही घुसले.

दिवेघाट, सासवड, जेजुरी, वाल्हे... पाऊस घाटात लागला की दुसऱ्या दिवशी, आता आठवत नाही. पहाटे तीनला उठायचं, टँकरच्या नळाखाली गार पाण्याने अंघोळ, राहुटीत कुणाचं तरी कोपर रात्रभर माझ्या बरगडीत. जेजुरीचा भंडारा अजून बॅगेच्या चेनमधून निघतोय.

काका दिवसभर टाळकऱ्यांच्या मागे गुपचूप चालायचे आणि मुक्कामाला पोचलं की सामानाच्या ट्रकमध्ये चढायचे. तिथे एका फळीवर त्यांनी चार्जिंगचे पॉइंट बसवलेत, जनरेटरवर चालणारे. प्रत्येक वायरला नंबर, प्रत्येक मोबाईलला चिकटपट्टीवर तोच नंबर. ऑफिसात रॅकमधल्या केबलला लेबल नसेल तर ओरडतात, अगदी तसंच. परभणीकडच्या एका आजींच्या बटनाच्या फोनची पिन अख्ख्या दिंडीत कुणाकडे नव्हती, ती काकांच्या पिशवीत निघाली.

नीरेला माऊलींच्या पादुकांचं स्नान झालं म्हणे, मला लोकांच्या पाठी दिसल्या. पूल ओलांडला आणि पाय गेले. मोजे ओले, टाचेला लिंबाएवढा फोड, त्यात पुढे एकजण मोबाईल उंच करून उलटा चालत व्हिडिओ काढतोय आणि मी तोंडाने "ज्ञानोबा माऊली तुकाराम" म्हणत मनात त्याला शिव्या घालतेय. शेवटी बाभळीखाली बसकण मारली. मागून काका आले, काही न विचारता समोर बसले आणि म्हणाले, "पाय द्या माऊली." ऑफिसात मॅडम म्हणतात. माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठा माणूस माझा चिखलाचा पाय मांडीवर घेतोय, मी ओढून घ्यायला लागले तर म्हणाले, "हलू नका, कातडी निघाली की चार दिवस गेले." डबीतून सुई काढली, काडीपेटीवर तापवली, खोबरेलात बुडवलेला दोरा फोडातून आरपार ओवला आणि दोन्ही टोकं बाहेर तशीच ठेवली. पाणी आपोआप झिरपतं, वर कातडीचं झाकण राहतं. परभणीच्या आजी तुळस डोक्यावर घेऊन शेजारी उभ्या होत्या. जुन्या लुगड्याची चिंधी फाडून दिली आणि वर ऐकवलं, "बूट म्हागाचे घेतलेस, चालायचं कुनी शिकवलंच न्हाई व्हय?"

तेवढ्यात काकांचा फोन वाजला. ऑफिसातून, सर्व्हरची डिस्क जुन्या नोंदींच्या फाईलींनी, म्हणजे लॉगने, भरली होती. एका हातात माझी टाच, कानाला खांद्याने दाबलेला फोन. "घाबरू नको. जुने लॉग दुसरीकडे हलव. डेटाबेसच्या फाईलला हात लावायचा नाही, जागा लागली तरी नाही. झालं की मेसेज कर." मग मला, "बघा, इकडे पण तेच. भरलेलं हळू काढायचं, खालचं शाबूत ठेवायचं." आणि स्वतःच हसले. मला रडू का आलं कोण जाणे, फोड तर दुखत नव्हता.

लोणंदला समाजआरती, मुक्कामाला सगळ्या दिंड्या एकत्र जमून करतात ती. पालखीची शिस्त सांभाळणाऱ्या चोपदारांनी हातातला दंड उंच केला आणि एवढा मोठा समाज एका क्षणात गप्प. फक्त आमच्या दिंडीचे टाळ वाजत राहिले, कारण आमचा पाण्याचा टँकर भलतीकडेच उभा केला होता आणि तक्रार असेल तर टाळ थांबवायचे नाहीत अशी रीत. चोपदार आले, ऐकून घेतलं, टँकरचं ठरलं, टाळ थांबले. काका कानात म्हणाले, "याला म्हणतात अलर्ट. जिथे बिघडलंय तेवढंच वाजतं. आपल्या सर्व्हरच्या डॅशबोर्डवर, म्हणजे नजर ठेवायच्या स्क्रीनवर, सगळंच लाल, बघायचं कुठे?" आरती चालू असताना असं बोलतात का, पण मला हसू आवरेना आणि आजींनी डोळे वटारले.

पंढरपुरात दर्शनाच्या रांगेची ताकद नव्हती, कळसाला हात जोडले.

परतल्यावर पहिल्याच सोमवारी व्हीपीएन बंद. काकांना फोन लावला.

"तिकीट टाका मॅडम," ते म्हणाले. "आणि टाच कशीये?"