मीठ रडाक लागलां

मे संपत आला की आजी रोज एकदा मिठाच्या बरणीत हात घालून बघायची. बोटांना ओल लागली की मागच्या पडवीपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात जाहीर करायची, "मीठ रडाक लागलां. आता पाऊस येतलो." मग लाकडं, शेणी, सुकी मासळी आत घ्यायची एकच धावपळ. हवामान खात्यापेक्षा आमच्या घरात बरणीचा शब्द मोठा होता.

मीठ शिरोड्याच्या मिठागरातलं. 1930 चा मिठाचा सत्याग्रह झाला तेच शिरोडं. मीठ जाडं, जरासं मळकट. नवीन मीठ आलं की आजी ते लगेच बरणीत भरत नसे. बांबूच्या पाटीत घालून पाटी मडक्यावर ठेवायची. खाली थेंब थेंब पाणी गळत राहायचं, आठवडेच्या आठवडे. ते पाणी मी एकदा चाटून पाहिलं. खारट लागेल म्हणून जीभ लावली आणि कडू किराईत प्यायल्यासारखं तोंड झालं.

सातवीच्या चाचणीत प्रश्न आला: वर्गीकरण करा. हवा, पितळ, पाणी, मीठ, लोखंड. मी बेधडक मीठ 'मिश्रण' या रकान्यात टाकलं. जे गाळून, निथळून वेगळं होतं ते मिश्रण असं पुस्तकातच होतं आणि आमच्या घरी मीठ निथळत होतं. सरांनी लाल शाईने गोल केला, एक मार्क गेला.

सरांचं चुकलं नव्हतं. पुस्तकातलं मीठ म्हणजे सोडिअम क्लोराईड, आणि ते पक्कं संयुग. सरांनीच पुढे कधीतरी रॉकेलच्या बाटलीतून सोडिअमचा तुकडा काढून दाखवला. धातू असून साध्या सुरीने कापला गेला. कापलेली बाजू क्षणभर चांदीसारखी चमकली आणि बघता बघता काळवंडली. मसुराएवढा कण पाण्यात टाकला तर तो फुसफुसत पाण्यावर सैरावैरा पळत सुटला. दुसरा भिडू क्लोरीन, पिवळट हिरवा विषारी वायू. पहिल्या महायुद्धात, 1915 मध्ये, तो खंदकांतल्या सैनिकांवर सोडला होता. एक पाण्यात पेटणारा, एक फुप्फुसं जाळणारा, आणि दोघे मिळून जे होतं ते आपण पेजेत घालतो. मिश्रणात प्रत्येकाचा स्वभाव शाबूत राहतो. सोलकढी जरा वेळ ठेवा, नारळाचा रस वर येतो, कोकमाच्या आगळाचं पाणी खाली बसतं, कोण कुठला ते लगेच कळतं. मिठाच्या खड्यात सोडिअमची ओळखही उरत नाही, क्लोरीनचीही नाही.

शिवाय संयुगात 'चवीपुरतं' हा प्रकार नसतो. शंभर ग्रॅम सोडिअम क्लोराईड घ्या, त्यात सुमारे 39 ग्रॅम सोडिअम आणि 61 ग्रॅम क्लोरीन, मग ते शिरोड्याचं असो की आफ्रिकेतलं. हे प्रमाण ठरलेलंच असतं असं प्रूस्त नावाचा फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ म्हणत होता. त्याच्याच देशातला बेर्तोले म्हणायचा, छे, प्रमाण कमीजास्त होऊ शकतं. दोघांचा वाद बरीच वर्षं चालला आणि बेर्तोले हरला. मला त्याच्याविषयी उगाच जिव्हाळा आहे. कढीत मीठ किती घालू विचारलं की आजीचंही उत्तर 'अंदाजान' असायचं.

पण बरणीतलं मीठ म्हणजे नुसतं सोडिअम क्लोराईड नव्हे. समुद्राच्या एक किलो पाण्यात साधारण 35 ग्रॅम क्षार असतात आणि त्यात नाना जण. मिठागराच्या वाफ्यात पाणी आटायला लागलं की आधी चुन्याचा अंश खाली बसतो, मग जिप्सम. पाणी आटून सुमारे दहावा हिस्सा उरलं की मीठ धरू लागतं. मॅग्नेशिअमचे क्षार शेवटपर्यंत पाण्यात राहतात, म्हणून ते उरलेलं कडू पाणी वेळीच सोडून द्यावं लागतं. तरी थोडं खड्यांना चिकटून येतंच. तेच आमच्या पाटीखाली गळायचं.

बरणीतलं रडणंही मुख्यतः त्याचंच. शुद्ध मीठ हवेतला दमटपणा 75 टक्क्यांच्या आसपास जाईपर्यंत कोरडं राहतं. मॅग्नेशिअम क्लोराईडला त्याच्या निम्म्याहून कमी दमटपणा पुरतो, आणि हवा जितकी ओली तितकं ते जास्त पाणी ओढतं. मेअखेरीला खारे वारे सुरू झाले की आधी ते डोळ्यांत पाणी आणतं. आजीचा अंदाज अंधश्रद्धा नव्हता, हे मला कॉलेजात गेल्यावर कळलं. तोवर ती नव्हती.

आता घरी पिशवीतलं मीठ असतं. ऐन जुलैतही भुरभुर पडतं. पिशवीवर बारीक अक्षरात आयोडिन आणि मिठाचे गोळे होऊ न देणारा पदार्थ यांची नोंद असते, म्हणजे हेही मिश्रणच. फक्त पावसाचं काही सांगत नाही.

गेल्या एप्रिलात गावच्या बाजारात तेच सर भेटले. निवृत्त होऊन बरीच वर्षं झालेली. आगळासाठी जाडं मीठ घ्यायला आले होते. मी जुन्या मार्काची आठवण काढली. ते जराही विरघळले नाहीत.

"कारण लिहिलं होतंस?"

"नाही सर."

"लिहिलं असतंस तर अर्धा दिला असता."

मग दुकानदाराकडे वळून म्हणाले, "गेल्या वर्षाचां आसा काय रे? नवां नको, कडू लागता."