भावे नाट्यमंदिरात ऑर्गनवर पहिल्यांदा

सांगलीच्या भावे नाट्यमंदिरात मी मुख्य ऑर्गनसाथीला पहिल्यांदा बसले, तो प्रयोग 'संगीत संशयकल्लोळ'चा होता. एरवी ती जागा गुरुजींची. त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन निघालं आणि नाटक माझ्याकडे आलं.

उत्सवांतल्या मैफलींना मी साथ करत होते, पण हे दडपण वेगळं होतं. विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये 'सीतास्वयंवर' केलं ते याच गावात. 'संशयकल्लोळ' लिहिणारे गोविंद बल्लाळ देवल तर इथून हाकेच्या अंतरावर, हरिपुरात जन्मले. पुढच्या रांगांतल्या आजी-आजोबांना पदं तोंडपाठ असतात. एखादी जागा हुकली की त्यांच्या माना डोलायच्या थांबतात, आणि ते खालून लख्ख दिसतं.

इटालियन संगीतसंचालक आर्तुरो तोस्कानिनी १८८६ मध्ये रिओ दि जानेरोत ऐनवेळी 'आयदा' ऑपेराचं संचालन करायला उभे राहिले, तेव्हा ते १९ वर्षांचे होते. त्या कंपनीत ते खरे सेलोवादक. स्वरलिपी न बघता त्यांनी अख्खा ऑपेरा उभा केला. हा प्रसंग मला फार आवडतो. पण आमच्याकडे नुसतं पाठ असून भागत नाही. इथे छडी घेऊन उभा राहणारा संचालक नसतो. संवादाचं शेवटचं वाक्य संपता संपता ऑर्गनवाल्यानं सूर द्यायचा आणि नटानं तो उचलायचा. पुढे तो किती रंगवील, कुठे आवरता घेईल, हे त्याच्या श्वासावरून ओळखायचं. गुरुजी म्हणायचे, "तोंडाकडे नको, खांद्यांकडे बघ."

नांदी झाली, पहिला अंक छान गेला. पुढच्या अंकात नायक अश्विनशेठच्या भूमिकेतल्या नटाचा आवाज एका पदात तार षड्जावर, म्हणजे वरच्या 'सा'वर, चिरला. मी तो सूर ऑर्गनवर भरून धरला, त्यांनी ती जागा खाली आणून समेवर पद संपवलं. टाळ्या पडल्या. लोकांना फारसं कळलं नसावं. पण मघापासून त्यांचे खांदे वर चढत होते, ते मला दिसत होतं. पुढचं पद याहून चढं, आणि मध्ये एकच प्रवेश. विंगेत निरोप पाठवायला वेळ नव्हता.

त्यांची पट्टी, म्हणजे गाण्याचा मूळ सूर, पांढरी दोन; काळी एक त्याहून अर्ध्या सुरानं खाली. मी तबल्यावरच्या काकांकडे वाकले.

"काका, काळी एक."

"आत्ता?"

"पुढच्या पदाला."

काकांकडे दोनच तबले लावलेले होते, एक अश्विनशेठच्या सुरातला आणि एक नायिका रेवतीच्या. दोन्ही उपयोगाचे नव्हते. त्यांनी अश्विनशेठचा तबला मांडीवर घेतला आणि हातोडी काढली. पण चालू संवादात ठोकणार कसं? तेवढ्यात नाटकातले संशयी फाल्गुनराव रंगात आले. एकेका वाक्याला हशा पिकत होता, आणि प्रत्येक हशात काका गजऱ्याला, म्हणजे तबल्याच्या कडेच्या विणीला, सूर उतरवायला खालून एक ठोका देत होते. हशा ओसरला की हात थांबायचा, पुन्हा उसळला की पुढचं घर. मी काळी एक अगदी हलकी धरून ठेवली होती, काका कान लावून बोटानं चाटेवर, म्हणजे तबल्याच्या कडेवर, सूर तपासत होते. शेवटचं घर लागलं तेव्हा त्यांनी नुसती मान हलवली.

अश्विनशेठ आले. वाक्य संपत आलं तसा मी उतरलेला सूर भरून दिला. त्यांची नजर क्षणभर आमच्याकडे वळली आणि त्यांनी पद उचललं. तार षड्ज असा मोकळा लागला की माझ्या अंगावर काटा आला. नाट्यगृहातून 'वन्समोअर'चा कल्लोळ उठला. एरवी अशा वेळी सूर चालूच ठेवायचा, म्हणजे नट पुन्हा मुखडा घेतो. मी पायडलवरचे पाय उचलले. भात्याचा जोर संपला, ऑर्गन थांबला. पुढची मंडळी नाराज झालेली दिसली, पण अजून पदं बाकी होती आणि गळा एकच होता. त्यांनी प्रेक्षकांना नमस्कार केला आणि संवाद पुढे नेला.

पडदा पडल्यावर ते रंग न उतरवताच खाली आले.

"ताई, सूर चालू असता तर मी गायलोच असतो. रसिक मागतात तेव्हा नाही म्हणवत नाही. आणि मग शेवटचं पद हातचं गेलं असतं."

मग काकांकडे वळून म्हणाले, "पुढच्या शनिवारी मिरजेला प्रयोग आहे. तिथेही काळी एकच लावा."

काका म्हणाले, "लावतो की. पण आता घरूनच लावून आणतो."