जड मशीन मागच्या खोलीत, डॅक पुढच्या खोलीत: इंदूरच्या अपसॅम्पलिंग सेटअपची प्रगती

डॅक म्हणजे डिजिटल संगीताचा अॅनालॉग सिग्नल करणारी पेटी, आणि अपसॅम्पलिंग म्हणजे तिला देण्याआधीच संगीताचा सॅम्पल रेट (दर सेकंदाचे नमुने) कित्येक पट वाढवणं. आधी सध्याची स्थिती. मागच्या खोलीत उबुंटूवर चालणारा पीसी: इंटेल आय७-१२७००के, १६ जीबी रॅम, ५०० जीबी एनव्हीएमई, दोन पंख्यांचा टॉवर कूलर, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. त्यावर एचक्यूप्लेयर डेस्कटॉप, म्हणजे हे अपसॅम्पलिंग करणारा प्लेयर. पुढच्या खोलीत रास्पबेरी पाय ४ हा छोटा संगणक, त्यात एचक्यूप्लेयरची एनएए इमेज (नेटवर्कवरून आलेलं संगीत नुसतं डॅककडे सोपवणारा प्रोग्राम), तिथून यूएसबीने डॅक. मध्ये कॅट ६ केबल आणि एक गिगाबिट स्विच. सीडीवरून रिप केलेलं ४४.१ किलोहर्ट्झचं संगीत डीएसडी२५६ (एका बिटाचे नमुने, सीडीच्या २५६ पट दराने) होऊन डॅकला पोचतं आणि रात्रभर वाजवलं तरी अडखळत नाही. पीसीएम (सीडीसारखे अनेक बिटांचे नमुने) ७०५.६ किलोहर्ट्झला तर आरामात चालतं. डीएसडी५१२ वर ईसी जातीचे जड मॉड्युलेटर (संगीताचं एका बिटाच्या डीएसडीत रूपांतर करणारं गणित) मात्र अजून टिकत नाहीत, आणि इंदूरच्या उन्हाळ्यात त्यांच्या मागे लागण्यात अर्थही नाही. का ते पुढे.

एवढा खटाटोप कशासाठी, असं नवीन मंडळी विचारतात. डॅक चिपमध्ये स्वतःचा आठपट अपसॅम्पलिंग फिल्टर असतोच. पण चिपमधली जागा आणि वीज मर्यादित, म्हणून तो कमी गणिताच्या हाफ-बँड पद्धतीचा करतात. ४४.१ किलोहर्ट्झच्या संगीताला २२.०५ वर पूर्ण थांबायला हवं, तिथे हा फिल्टर जेमतेम ६ डेसिबल खाली आलेला असतो. पूर्ण अडवणूक सुरू होते ती सॅम्पल रेटच्या साधारण ०.५४६ पटीला, म्हणजे २४.१ किलोहर्ट्झच्या आसपास. मधल्या पट्ट्यात प्रतिमा, म्हणजे मूळ संगीतात नसलेल्या खोट्या नकला, गळून पुढे जातात. हेच काम पीसीवर केलं की फिल्टर हवा तितका लांब ठेवता येतो. एचक्यूप्लेयरच्या सिंक-एम फिल्टरला सोळापट दराला दहा लाख टॅप (फिल्टरची लांबी ठरवणारे गुणक) आहेत. डॅकला ३५२.८ किंवा त्याच्या वरचा दर दिला की बऱ्याच चिपांमधला आतला आठपटीचा फिल्टर बाजूला पडतो.

डीएसडी करायचं की पीसीएम, हे चिप पाहून ठरवा. एकेएम कंपनीच्या ४४९०, ४४९३, ४४९७ या चिपांमध्ये डीएसडी थेट पाठवायचा मार्ग आहे, तो आतला डेल्टा-सिग्मा मॉड्युलेटर वगळतो. डॅकच्या मेनूत त्याला बहुधा डीएसडी डायरेक्ट म्हणतात आणि तो चालू केला की चिपमधला व्हॉल्यूम बंद होतो. ईएसएस कंपनीच्या सेबर चिपांमध्ये डीएसडीसुद्धा आतल्या प्रक्रियेतून जातो, म्हणून तिथे आधी ७०५.६ पीसीएम ऐकून पाहा. फुकटची वीज जाळायची गरज नाही.

आता प्रोसेसर, कारण सगळे पैसे इथेच जातात आणि चुकतातही इथेच. फिल्टरचं गणित अनेक कोअरांत वाटता येतं, एनव्हिडियाच्या कार्डावरही टाकता येतं. मॉड्युलेटरचं तसं नाही. त्यातला प्रत्येक नमुना आधीच्या नमुन्याच्या उत्तरावर उभा असतो, म्हणून एका चॅनलचा मॉड्युलेटर एकाच कोअरवर धावतो. स्टिरिओला दोन कोअर तोंडाला फेस येईपर्यंत पळतात आणि बाकीचे बसून बघतात. सोळा कोअरांचा जुना सर्व्हर स्वस्तात मिळाला म्हणून आणला, तर डीएसडी२५६ वर एएसडीएम७ईसी हा मॉड्युलेटर अडखळणार म्हणजे अडखळणारच. इथे एका कोअरचा वेग लागतो, कोअरांची संख्या नाही. महागडं ग्राफिक्स कार्ड घालूनही हा प्रश्न सुटत नाही. सिंक-एमसारखे फिल्टर डीएसडी दरावर चालवायचे असतील तरच त्या कार्डाचा उपयोग.

सर्वात जास्त विचारली जाणारी तक्रार अशी: गाणं लावलं की पहिलं अर्धं मिनिट छान वाजतं, मग टकटक सुरू होते. हा बफरचा दोष नाही. इंटेलच्या ६५ वॅटच्या प्रोसेसरना थोडा वेळ जास्त वीज ओढायची मुभा असते. आय७-१२७०० चीच गोष्ट घ्या: मूळ मर्यादा ६५ वॅट, थोड्या वेळासाठी १८०. ती मुदत अनेक बोर्डांवर २८ सेकंदांची असते. मुदत संपली की घड्याळाचा (क्लॉकचा) वेग खाली येतो आणि मॉड्युलेटर मागे पडतो. टर्मिनलमध्ये टर्बोस्टॅट चालू ठेवून तीन आकडे बघा: कोअरची फ्रिक्वेन्सी, तापमान, पॅकेजचे वॅट. तापमान ७० असतानाच फ्रिक्वेन्सी पडली आणि वॅट बरोबर ६५ वर येऊन चिकटले, तर ती वीजमर्यादा. बायोसमध्ये दीर्घ मुदतीची मर्यादा ९५ किंवा १२५ वर न्या, पण बोर्डाच्या व्हीआरएमवर (प्रोसेसरला वीज पुरवणाऱ्या भागावर) हीटसिंक असेल तरच. तापमान १०० ला भिडून मग फ्रिक्वेन्सी पडली, तर दोष कूलरचा किंवा पेस्टचा. एचक्यूप्लेयरची चाचणी आवृत्ती एका वेळी अर्धा तास चालते, तेवढा वेळ या परीक्षेला भरपूर आहे. पैसे भरायच्या आधीच परीक्षा घेऊन टाका.

१२ व्या पिढीपासून आणखी एक भानगड आली. १२७००के मध्ये आठ मोठे आणि चार छोटे कोअर आहेत. मोठे ४.९ ते ५ गिगाहर्ट्झपर्यंत जातात, छोटे ३.८ वर थांबतात. मॉड्युलेटरचा धागा (थ्रेड) छोट्या कोअरवर जाऊन बसला की अधूनमधून, कसलाही नेम न ठेवता, एखादी टक ऐकू येते. उबुंटू २२.०४ चा मूळ कर्नल ५.१५ आहे. या प्रोसेसरांचा थ्रेड डायरेक्टर (कोणता धागा कोणत्या कोअरला द्यावा हे सुचवणारी यंत्रणा) समजून घेण्याची सोय कर्नलमध्ये ५.१८ पासून येऊ लागली. निदान करायला बायोसमधून छोटे कोअर बंद करून एक संध्याकाळ ऐका. टक गेली तर नवा कर्नल घाला आणि कोअर परत चालू करा, कारण फिल्टरच्या कामाला ते उपयोगी पडतात. सीपीयू गव्हर्नर (घड्याळाचा वेग ठरवणारी सेटिंग) परफॉर्मन्सवर ठेवा, नाहीतर दोन गाण्यांच्या मध्ये घड्याळ झोपी जातं आणि पुढच्या गाण्याचा पहिला ठोका तुटतो.

उन्हाळ्याचा हिशोब सोपा आहे. लोड तोच असेल तर खोली जितके अंश तापते तितकाच प्रोसेसर तापतो. जानेवारीत खोली २० अंशांवर असताना प्रोसेसर ७८ दाखवत असेल, तर मे महिन्यात ३८ अंशांच्या बंद खोलीत तो ९६ ला जाणार. म्हणून हिवाळ्यात पूर्ण लोडवर ७५ च्या आत राहील असाच फिल्टर आणि मॉड्युलेटर कायम करायचा. डीएसडी५१२ इथेच बाद झालं. शिवाय माळव्याची काळी माती: तिची बारीक धूळ कॅबिनेटच्या जाळीवर थरासारखी बसते. एप्रिलमध्ये आणि दिवाळीच्या साफसफाईत जाळी काढून धुवा, पंख्याचं पातं हाताने धरून मगच ब्लोअर मारा.

पुढच्या खोलीतल्या पायकडे वळू. डीएसडी२५६ स्टिरिओला २२.६ मेगाबिट प्रति सेकंद लागतात, ७०५.६ किलोहर्ट्झ ३२ बिट पीसीएमला ४५.२, डीएसडी५१२ लाही तेवढेच. म्हणजे १०० मेगाबिटची वायरसुद्धा पुरते. पाय ३ मात्र नको, त्याचं इथरनेट आणि यूएसबी एकाच यूएसबी २ मार्गावर बसलेत. पाय ४ ला गिगाबिट इथरनेट स्वतंत्र आहे. अॅडाप्टर ५.१ व्होल्ट ३ अँपिअरचा घ्या. यूएसबीवरूनच वीज घेणारा डॅक असेल तर लक्षात ठेवा, चारही पोर्ट मिळून १.२ अँपिअरच मिळतात. व्होल्टेज ४.६३ च्या खाली गेलं की पायच्या लॉगमध्ये अंडर-व्होल्टेजची नोंद येते. मोबाइल चार्जरवर पाय चालवणाऱ्यांनी तक्रार करण्याआधी तो लॉग उघडावा.

केबल साधी यूटीपीच हवी. शील्डवाली एसटीपी घातली की दोन्ही टोकांच्या धातूच्या प्लगमधून पीसीची अर्थ थेट डॅकच्या बाजूला पोचते, आणि दोन खोल्यांत मशीन वेगळी ठेवण्याचा अर्धा फायदा तिथेच गेला. स्विचमध्ये वीजबचतीचं इथरनेट बंद करायची सोय असेल तर बंद करा.

डॅक खरंच काय घेतोय हे त्याच्या डिस्प्लेवरून ठरवू नका. वाजत असताना आल्साच्या (लिनक्सच्या ध्वनियंत्रणेच्या) प्रॉक फोल्डरमधली हार्डवेअर पॅराम्सची फाइल उघडली की दर आणि फॉरमॅट दोन्ही दिसतात. नेटिव्ह डीएसडी लिनक्सवर मिळण्यासाठी त्या डॅकची नोंद कर्नलमध्ये असावी लागते. नसेल तर डीओपी, म्हणजे पीसीएमच्या वेषात पाठवलेला डीएसडी. डीओपीत २४ बिटांच्या चौकटीत डीएसडीचे १६ बिट बसतात, म्हणून डीएसडी२५६ ला डॅकने ७०५.६ पीसीएम घ्यायलाच हवं. ३८४ वर थांबणाऱ्या डॅकला डीओपीने डीएसडी१२८ च्या पुढे जाता येत नाही, डब्यावर काहीही छापलेलं असो.

आता ४८ किलोहर्ट्झचं कुटुंब. डीएसडी२५६ करताना ४४.१ चं संगीत ११.२८९६ मेगाहर्ट्झला जातं, ४८ चं १२.२८८ ला. काही डॅक १२.२८८ चा दर घेतच नाहीत, आणि ४८ चा ट्रॅक आला की नुसती शांतता. मग एचक्यूप्लेयरमधलं ऑटो रेट फॅमिली बंद करून सगळं ११.२८९६ वर न्यायचं. पण तेव्हा १६० ला १४७ असं आडमाप गुणोत्तर येतं, ते सगळ्या फिल्टरांना झेपत नाही. फिल्टर बदला, डॅकला शिव्या देऊ नका.

एचक्यूप्लेयरचा व्हॉल्यूम उणे ३ डेसिबलवर. आजकालच्या मोठ्या आवाजात मास्टर केलेल्या सीडींमध्ये दोन नमुन्यांच्या मधलं शिखर शून्याच्या वर जातं आणि अपसॅम्पलिंगनंतर ते उघडं पडतं. एचक्यूप्लेयरच्या खिडकीत लिमिटेडचा (शून्यावर अडवलेल्या शिखरांचा) आकडा वाढताना दिसला तर आणखी खाली या.

पीसीएम आणि डीएसडीची तुलना करताना पातळी जुळवलीच पाहिजे, कारण डीएसडी अनेक डॅकवर ६ डेसिबल हळू येतं आणि मोठा आवाज नेहमीच चांगला वाटतो. उणे १२ डेसिबलचा २०० हर्ट्झचा सूर वाजवा, डॅकच्या आउटपुटवर मल्टिमीटर एसी व्होल्टवर लावा. स्वस्त मीटर ४०० हर्ट्झच्या वर खोटं बोलतात, म्हणून १००० चा सूर नको. ०.१ डेसिबल म्हणजे सव्वा टक्क्याहून थोडं कमी, म्हणजे अर्ध्या व्होल्टवर साधारण ६ मिलिव्होल्ट. तेवढं जुळलं की मग मतं मांडा. जुळवल्यावर फिल्टरांमधला फरक पुष्कळ लहान होतो. तो उरतो तो तानपुऱ्याच्या जवारीत आणि तबल्याच्या चाटीवर. त्यासाठी इंदूर घराण्याचे गायक उस्ताद अमीर खाँ (१९१२–१९७४) यांच्या झूमरा तालातल्या अतिविलंबित गायकीइतकं चांगलं साधन इंदूरकरांना कोण देणार? आवर्तन इतकं सावकाश की दोन बोलांच्या मधल्या जागेत डॅकचा स्वतःचा आवाजही ऐकू यावा. ७८ आरपीएमच्या तबकड्यांवरून केलेल्या फाइलींवर मात्र हा खेळ करू नका. त्यांत वरचे सूर मुळातच नाहीत आणि २० किलोहर्ट्झजवळचा फिल्टर तिथे काही करू शकत नाही. एमपी३ चंही तेच.

वीज. नळाला नर्मदेचं पाणी सुटलं की गल्लीतल्या सगळ्या मोटरी एकदम सुरू होतात आणि दिवे क्षणभर मिणमिणतात. तो झटका पीसीला यूपीएसवर पेलता येतो, पण यूपीएस साइन वेव्हचा हवा. पायऱ्यापायऱ्यांच्या लहरीवर अॅक्टिव्ह पीएफसीचा एसएमपीएस (पीसीचा वीजपुरवठा) कित्येकदा बंदच पडतो. सॉकेटमध्ये न्यूट्रल आणि अर्थमधला फरक मोजा. २-३ व्होल्टच्या वर दिसला तर इलेक्ट्रिशियन बोलवा. अर्थच नसेल तर एसएमपीएसच्या फिल्टर कपॅसिटरमुळे कॅबिनेटवर ११५ व्होल्टच्या आसपास भास दिसतो आणि हाताला मुंग्या येतात. तेच पुढे घूं होऊन स्पीकरमध्ये निघतं.

हे सगळं नको असेल तर एकट्या पाय ४ वर एमपीडी हा प्लेयर टाका, रिसॅम्पलर सॉक्सआर, गुणवत्ता व्हेरी हाय, आउटपुट ३५२.८. फुकट आहे, आणि डॅकमधला हाफ-बँड फिल्टर बाजूला काढायचं मुख्य काम त्यातही होतं. डेस्कटॉप लिनक्सवर करत असाल तर आधी पाइपवायरला (डेस्कटॉपचे सगळे आवाज एकत्र करणाऱ्या प्रोग्रामला) डॅकपासून दूर करा, नाहीतर डिव्हाइस बिझी किंवा, त्याहून वाईट, सगळं गुपचूप ४८ वर.

पुढचं काम पावसाआधीचं. मागच्या-पुढच्या खोल्यांमध्ये तांब्याऐवजी फायबर: दोन गिगाबिट मीडिया कन्व्हर्टर (तांब्याचा सिग्नल फायबरवर नेणारे), १५ मीटर सिंगल-मोड एलसी पॅचकॉर्ड. कन्व्हर्टर, पॅचकॉर्ड आणि पायचे सुटे भाग आरएनटी मार्गावरच्या सिल्व्हर मॉलमध्ये विचारून पाहणार. कन्व्हर्टरमध्ये बसणारे एसएफपी मॉड्यूल एकाच तरंगलांबीच्या जोडीचे घ्यायचे, आणि एका केबलवर दोन्ही दिशा चालवणारे बायडी असतील तर एका टोकाला ए आणि दुसऱ्याला बी, हे बिल करायच्या आधी डोळ्यांनी तपासायचं.