पावणेचार ग्रॅमची मिजास

भाजीवाल्याने परत दिलेला रुपया आपण न बघताच खिशात टाकतो. २०११ च्या मालिकेतला असेल तर पावणेचार ग्रॅमचं पोलाद. त्यावर काय काय आहे विचारलं तर मी तरी अडखळेन. प्राचीन रोमचा चांदीचा दिनारियस वजनाला जवळपास एवढाच, आकाराने जरा लहान. पण त्यावर काय काय मावलंय ते पाहिलं की आपला रुपया फारच अबोल वाटतो.

प्रजासत्ताकाच्या काळात रोममध्ये नाणी पाडण्याचं काम तीन अधिकाऱ्यांकडे असे. बहुतेक राजकारणात नुकतीच उतरलेली, चांगल्या घरची पोरं. सुरुवातीला चित्र ठरलेलं: पुढे शिरस्त्राण घातलेली रोमा देवी, मागे घोड्यांवर कॅस्टर आणि पोलक्स हे जुळे भाऊ. हळूहळू या पोरांनी नाण्याचं व्हिजिटिंग कार्डच करून टाकलं. कुणी पूर्वजांचा पराक्रम कोरला, कुणी चक्क आडनावावर कोटी केली. पॉम्पोनियस मूसा म्हणून एक होता, त्याने कलांच्या नऊही देवता, म्हणजे मूसा, एकेका नाण्यावर बसवल्या. व्होकोनियस विटुलसची तर कमाल. विटुलस म्हणजे वासरू. त्याच्या नाण्यावर पुढे साक्षात सीझर आणि मागे ऐटीत चाललेलं वासरू! आपल्याकडे ही सोय असती तर वाघमारे खूश, कोल्हे-कावळेही चालवून घेतले असते. ढेकण्यांची मात्र पंचाईत होती.

इसवी सनापूर्वी ४४ मध्ये सीझरने जिवंतपणीच आपला चेहरा रोमच्या नाण्यावर आणला, आणि त्याच मार्चमध्ये तो मारला गेला. मारेकऱ्यांपैकी एक असलेल्या ब्रूटसने नंतर एका बाजूला दोन खंजीर आणि मधे गुलामी सुटल्याची टोपी अशी नाणी पाडली. उलटून बघावं तर दुसऱ्या बाजूला स्वतः ब्रूटस. आता बोला!

माझं आवडतं नाणं मात्र टायटस कॅरिसियसचं, इसवी सनापूर्वी ४६ मधलं. पुढे जूनो मोनेटा; तिच्या देवळापाशीच टांकसाळ होती, म्हणून इंग्रजीतला ‘मनी’ तिच्या नावावरून. मागे ऐरण, ठसा, सांडशी आणि हातोडा. घराण्याच्या बढाया मारणाऱ्या त्या गर्दीत एकाला हत्यारं आठवली! ही नाणी हाताने ठोकलेली, त्यामुळे घाव जरा सरकला की चित्र काठाबाहेर. मी फोटोत पाहिलेल्या एका नाण्यावर ऐरण आहे, सांडशी आहे, आणि हातोडाच अर्धा बाहेर गेलाय.