बँडविड्थ नक्की गेली कुठे? माझा अनुभव

"प्लॅन अपग्रेड करा." मी काहीही विचारलं तरी होस्टिंग कंपनीच्या (जिच्या सर्व्हरवर आमची साइट ठेवली आहे तिच्या) सपोर्टचं उत्तर हेच. त्याचा राग अजून गेलेला नाही.

तारकर्लीत आमच्या चार खोल्या आहेत, पर्यटकांसाठी. साइटवर दर, फोटो आणि बुकिंगचा नंबर, एवढंच. डोमेन, वर्डप्रेस वगैरे काही अडलं नाही. शेअर्ड प्लॅनला (एका सर्व्हरवर अनेकांच्या साइट असतात तो) महिन्याला १० जीबी बँडविड्थ होती, म्हणजे साइटवरून महिन्याभरात तेवढाच डेटा जाऊ शकत होता. ऐन मे महिन्यात साइटच्या जागी '५०९ बँडविड्थ लिमिट एक्सीडेड' दिसायला लागलं. बोटवाल्या काकांचा फोन आला, "तुमची साइट उघडणा नाय."

गूगल ॲनालिटिक्स या मोजणीच्या साधनात साइट पाहणाऱ्यांचा आकडा अगदी बेताचा होता. त्याला एका पानाच्या वजनाने गुणलं तर २ जीबीसुद्धा भरत नव्हते. हा हिशेब सपोर्टला पाठवला. उत्तर: "आपला ट्रॅफिक वाढला आहे." कोणाचा ट्रॅफिक, कोणत्या फाइलवर, हे विचारलं की दर वेळी नवा माणूस यायचा, पुन्हा डोमेनचं नाव विचारायचा आणि मोठ्या प्लॅनची लिंक द्यायचा. हंगामात बुकिंग हातची जात असताना हे ऐकून घेणं फार जड गेलं. एकानेही सांगितलं नाही की उत्तर माझ्याच सीपॅनलमध्ये, म्हणजे होस्टिंग सांभाळायच्या पानावर आहे.

ते सापडू लागलं तिथल्या एडब्ल्यूस्टॅट्स या आकडेवारीच्या साधनात. तिथे माणसांनी पाहिलेला ट्रॅफिक वेगळा आणि बॉट्स (आपोआप साइट वाचत फिरणारे प्रोग्रॅम) वगैरेंचा वेगळा दाखवतात. ॲनालिटिक्स मोजतं ते ब्राउझरमध्ये त्याची जावास्क्रिप्ट (पानात घातलेला छोटा कोड) चालली तरच. बहुतेक बॉट ती चालवतच नाहीत. बँडविड्थ मात्र सर्व्हरवरून गेलेल्या प्रत्येक बाइटची धरली जाते. बॉट्सचा वाटा बराच होता, तरी हिशेब जुळेना. मग सीपॅनलच्या 'रॉ ॲक्सेस'मधून लॉग, म्हणजे सर्व्हरने केलेली प्रत्येक मागणीची नोंद, उतरवला. त्यात प्रत्येक ओळीत मागितलेली फाइल, तिचे बाइट्स आणि मागणी कोणत्या पानावरून आली ते असतं. सिंधुदुर्ग किल्ल्याचा आमचा एक मोठा फोटो दुसऱ्याच एका पर्यटनाच्या साइटने थेट आमच्या सर्व्हरवरून लावला होता. वाचक त्यांचे, खर्च आमचा! अडीच एमबीचा फोटो ४,००० वेळा मागितला गेला की १० जीबी संपतात.

सीपॅनलमधलं 'हॉटलिंक प्रोटेक्शन' (दुसऱ्या साइटला आपले फोटो असे थेट लावू न देणारी सोय) चालू केलं आणि गळती थांबली. त्यात थेट मागणीला (कोणत्याही साइटवरून न येता लिंकनेच फोटो उघडण्याला) परवानगी देणारी खूण ठेवा, नाहीतर फोटोची लिंक कोणाला पाठवली तर ती उघडणार नाही.

आणखी एक, बँडविड्थचा महिना सर्व्हरच्या घड्याळाने बदलतो. आमचा सर्व्हर अमेरिकेच्या मध्य भागातला, त्यामुळे १ जूनला साइट परत आली ती सकाळी साडेदहानंतर. मध्यरात्रीपासून वाट बघत बसू नका. सीपॅनलच्या आकड्यात एफटीपी (सर्व्हरवर फाइली चढवायची-उतरवायची पद्धत) आणि ईमेलही धरलेले असतात, म्हणजे एफटीपीने पूर्ण बॅकअप उतरवला तर तोही त्यातच. समुद्राचे व्हिडिओ यूट्यूबवर टाकून साइटवर जोडा, ते बाइट्स तुमच्या खात्यावर पडत नाहीत.

आमचा प्लॅन अजून तोच आहे आणि पुढचा मे महिना शेवटपर्यंत सुरळीत गेला.

आणि हो, 'रॉ ॲक्सेस'मध्ये जुने लॉग साठवण्याची खूण आजच करून ठेवा. ती नसेल तर लॉग पुसले जातात आणि भांडायला पुरावा उरत नाही.